छातीखालचा आवाज

परवा नांदुऱ्यात कबड्डीच्या सामन्यांच्या उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मैदानावर नुकतंच पाणी मारलं होतं. ओल्या मातीचा तो वास आला आणि नारळ माझ्या हातात तसाच राहिला.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. राज्याच्या संघात माझी निवड झाली होती, तीही माझ्या पकडीमुळे. याच मैदानावर अमडापूरचा गणपत चढाईला आला आणि मी त्याची कंबर धरली. आमचे बाकीचे सहा जण वरून कोसळले. सगळ्यांत खाली गणपत, त्याच्या पाठीवर माझी छाती. त्याचा ‘हुतूतू, हुतूतू’ आवाज माझ्या बरगड्यांत घुमत होता. मग तो थांबला. आवाज थांबला म्हणजे गडी बाद. लोकांनी टोप्या उडवल्या. माझ्या छातीखाली मात्र काहीच हलत नव्हतं.

“उठा बे! मरून राह्यला तो!” मी ओरडलो, पण त्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? मला उठताही येईना. सहा जणांचं ओझं माझ्यातूनच त्याच्यावर पडत होतं.

शेवटी सगळे बाजूला झाले. गणपत खोकला, तोंडातली माती थुंकला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

“तू काऊन रडून राह्यला बे?”

पुढे दोनच वर्षं खेळलो. समोरच्याचा आवाज जरा अडखळला की माझी पकड आपोआप सुटायची.

परवा निवेदकानं माईकवर सांगितलं, “गुडघ्याच्या दुखापतीमुळे भाऊंना खेळ सोडावा लागला.” मी मान डोलावली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या भराभर उतरलो. गुडघा माझा आजही ठणठणीत आहे.