खिडकीचे कापलेले गज

आमच्या घरी चोरी झाली ती सत्तरच्या दशकात. तेव्हा आम्ही नागपुरात, इतवारीच्या मागच्या एका गल्लीत भाड्याने राहत होतो. शेजारी मिलमधून निवृत्त झालेले एक काका राहत. गल्लीतलं कुणीही गावाला निघालं की घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवून जायचं. त्यांच्या दाराच्या आत भिंतीवर खिळे ठोकलेले होते, त्यांवर त्या किल्ल्या लटकत. संध्याकाळी काका बंद घरांवरून एक फेरी मारत, प्रत्येक कुलूप ओढून पाहत आणि मग अंगणात खाट टाकून बसत. त्यांच्या भरवशावर आम्ही निर्धास्त लग्नाकार्याला जात होतो.

आदल्या उन्हाळ्यात मी कूलर घेतला होता. मागच्या खिडकीच्या गजांतून त्याचं तोंड आत येईना. गजांना हात लावायचा नाही, असं घरमालकाने बजावलेलं. बायको उमरेडला माहेरी गेली होती तेव्हा मी मधले गज कापले आणि कूलर बसवून टाकला. त्याच्यामागे ते भगदाड झाकलं गेलं. पावसाळ्यातही मी कूलर हलवला नाही. बायकोला कधी कळलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मेव्हणीचं लग्न निघालं. वऱ्हाड उतरणार त्या घरात फार उकडतं, अशी काळजी सासूबाईंनी बोलून दाखवली आणि मी मोठेपणाने म्हणालो, माझा कूलर आणतो. बायको मुलांना घेऊन आधीच गेली होती. मी एकट्यानेच कूलर काढला आणि खिडकीची दारं लोटली. कडी बसत नव्हती म्हणून सुतळीने बांधली. सामान रिक्षात चढवताना काका हात लावायला आले.

"कूलर घेऊन सासरी चालला काय गा? तिथं जावयाचं डोकं लयच तापते वाटते." मग किल्ली घेताना त्यांनी विचारलं, "मागची खिडकी बराबर आहे नं?"

मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी खाट मागे टाकली असती. मागे नालीची अरुंद बोळ होती, तिथे कुणी फिरकत नसे.

लग्न आटोपून सासूबाईंना आणि कूलर घेऊन आम्ही परतलो. कुलूप जसंच्या तसं होतं, बायकोनेच उघडलं. आत कपाट सताड उघडं आणि तिच्या आईने दिलेल्या पाटल्या गेलेल्या. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी मागच्या खोलीत गेलो. सुतळी कापलेली होती. ती मी खिशात घातली, कूलर उचलून मागच्या बोळीत नेला आणि होता तसा बसवला. मे महिन्यातली दुपार, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

हवालदार त्याच कूलरसमोर खुर्ची ओढून घाम पुसत बसला. कुलूप तुटलं नाही, मग दुसरी किल्ली कोणाकडे होती, असं त्याने विचारलं. दारात जमलेली माणसं काकांकडे पाहू लागली. काका बौद्ध होते. त्या लोकांच्या हाती किल्ली दिलीच कशाला, असं सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

काकांना चौकीत दिवसभर बसवून ठेवलं. काही निघालं नाही म्हणून सोडलं. तिथून ते थेट आमच्या दारात आले, आत मात्र आले नाहीत.

"बाकीच्यायचं जाऊ दे," ते म्हणाले. "तुले काय वाटते, एवढं सांग."

घरमालक बाहेर काढेल, बायको जन्मभर बोलून दाखवेल, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

"कुलूप तर तुटलं नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन त्यांनी सगळ्यांच्या किल्ल्या परत केल्या. आमची उंबऱ्यावर ठेवून गेले. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून दरवर्षी खीर यायची, तीही बंद झाली. थोड्या वर्षांनी ते जरीपटक्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. माझी बायको अलीकडेच गेली. काकांनीच पाटल्या नेल्या, हे ती शेवटपर्यंत धरून होती.

ती गेल्यावर मी जरीपटक्याला जाऊन काकांच्या मुलीला सगळं सांगितलं. ती आता माझ्याइतकीच म्हातारी दिसते. भाजी निवडत होती, निवडतच राहिली. काका मरेपर्यंत दुसऱ्याच्या कुलपाला शिवले नाहीत, स्वतःच्या घराला कुलूप लावायचं तरी आईला सांगायचे, असं ती म्हणाली.

मग म्हणाली, "मले सांगून काय फायदा? बाबानं काही नेलं नाही, हे मले माहीतच होतं. माह्या पोरायले सांगा. त्यायनं गल्लीतल्या लोकायच्या तोंडून ऐकलं आहे."

पोरं कामावरून यायची होती. मी थांबलो. पोरं आली, समोर बसली, आणि मी नुसती त्यांच्या कामाची चौकशी केली. पुन्हा येतो म्हणून उठलो. ते तोंडाने सांगणं मला जमेल असं वाटत नाही. म्हणून हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे: तुमच्या आजोबांकडची किल्ली खिळ्यावरून हललीसुद्धा नव्हती. चोर मी कापलेल्या गजांतून आला, आणि हे मला त्याच दुपारी ठाऊक होतं.