गसच्या गुडघ्यासाठी सोडत

आर्डिस टोलेफसन आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढायची. कुणी ताटात भाजी टाकून उठू लागलं तर ती ओरडायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची. तिच्यापायी मीही पुष्कळ गाजरं गिळली आहेत. नवरा गेल्यावर ती आणि तिची पेपर नावाची कुत्री, एवढंच घर उरलं. कुणाकडे वाटीभर साखर मागायलासुद्धा ती कधी गेली नाही. म्हणूनच गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली तो दिवस मला विसरता येत नाही.

तळ्याकाठच्या बारमध्ये गावच्या मंडळातर्फे शुक्रवारची सोडत मी चौदा वर्षं चालवतोय. डॉलरला एक तिकीट, नंबर लागला की डुकराच्या मांसाचं पुडकं, बेकन नाहीतर चॉप्स, आणि उरलेला पैसा गावातल्या अडलेल्याला. कुणाचं घर जळालं, कुणाला कॅन्सर झाला, सगळ्यांना माझा हातभार लागलाय. आणि त्याची मिजासही मला पुरेपूर होती.

पेपरच्या मूत्राशयात खडे झाले होते. ऑपरेशनचे एकोणीसशे डॉलर. आर्डिस तिच्यासाठी पेन्शनमधून महिन्याला वीस बाजूला टाकायची, तरी सातशे कमी पडत होते.

"लाईल," ती टोपी हातात चुरगाळत म्हणाली, "पेपरसाठी एखादा शुक्रवार देता येईल का रे?"

मी हसलो. आज सांगतानाही कानशिलं तापतात, पण हसलो. "अहो आर्डिस, कुत्र्यासाठी कसली सोडत? मंडळाचा नियमच आहे, फक्त माणसांसाठी."

असा नियम कुठेच नव्हता. तो मी उभ्याउभ्या तयार केला. तेवढ्यावर थांबायचं सोडून वर शहाणपणाही शिकवला. "पहिलं वर्ष लसींचं, महागडं. मग सात-आठ वर्षं स्वस्तात जातात, तेव्हाच साठवायचं. म्हातारपणी कुत्रं सगळं वसूल करतं. माझ्या गसचं बघा, पिल्लू होता तेव्हापासून महिन्याला चाळीस लिफाफ्यात टाकतोय. कुत्रं पाळायचं म्हणजे हिशेब आधी करावा लागतो."

"खरंय तुझं," ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी तिने पेपरला डॉक्टरांकडे नेलं आणि कायमचं झोपवून आणलं.

गसच्या लिफाफ्यात मी चाळीस टाकत होतो हे खरं. काढतही होतो, हे तिला सांगितलं नाही. एका हिवाळ्यात मासे धरायला तळ्याच्या बर्फाला भोक पाडायचं यंत्र घेतलं, दुसऱ्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्यात हीटर बसवला. प्रत्येक वेळी म्हणायचो, उन्हाळ्यात परत टाकू. तळं गोठलं की इथल्या पुरुषांची अक्कलही गोठते, असं माझी बायको जनेल म्हणते.

यंदा बदकामागे उडी मारताना गसच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन बेचाळीसशेचं. जनेलने लिफाफा टेबलावर उपडा केला, एकशेसाठ डॉलर निघाले. "आता हीटरलाच विचार," ती म्हणाली, "येतं का म्हणावं तुला ऑपरेशन करता!"

मंडळाची माणसं आपणहून घरी आली. "लाईल, चौदा वर्षं सगळ्यांसाठी राबलास. हा शुक्रवार गसचा." नको म्हणायला हवं होतं. निदान हीटरचं तरी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर डॉक्टर किती महाग झालेत ते सांगितलं आणि डोळे पुसले. लाज वाटत होती, पण गस दारात तीन पायांवर उभा होता आणि मला पैसे हवे होते.

त्या शुक्रवारी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आर्डिस चर्चला जातानाचा चांगला कोट घालून आली आणि सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पाच तिकिटं घेतली. भिंतीवर लावलेला गसचा फोटो तिने बराच वेळ पाहिला.

"म्हणजे आता कुत्र्यांसाठी पण ठेवता येते होय, लाईल?"

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी शोधला. टोमणा असता तर फार सोपं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती. जनेल शेजारीच होती, ती माझ्याकडे बघत राहिली.

"हो," मी म्हणालो. "यंदाच नियम बदलला."

"बरं झालं," आर्डिस म्हणाली आणि पुन्हा पर्स उघडली. "आणखी पाच दे."

मी तिला पाच तिकिटं फाडून दिली.