घरातलं विष तू घेऊन जा

मॅडमनी माझं बोट धरलं, कापसानं पुसलं आणि सुई टोचली. समोर दीडदोनशे माणसं बसली होती. गंगापूर रोडवरचा थंडगार हॉल. माझ्या अंगावर गुडघ्यापर्यंत लुगडं आणि खांद्यावर फडकी, माझी आई डोंगरात नेसते तशी. मी नाशकात आल्यापासून पंजाबी ड्रेस घालते. पण मॅडम आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "उद्या ड्रेस नको. खरी वाटली पाहिजेस."

मी खरीच होते. तरी मला भाड्याचं लुगडं नेसवलं.

"ही बघा," मॅडम माईकवर म्हणाल्या. "वय बेचाळीस. कधी जिम नाही, कधी डाएट नाही. पोट बघा हिचं. वळ गं जरा."

मी वळले. लोकांनी माझं पोट बघितलं, मग पाठ बघितली. पुढच्या रांगेत कुणीतरी फोन वर धरला. बाजारात बैलाला असं फिरवतात.

मशीनवर आकडा आला. मॅडमनी बघितला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मशीन पालथं धरून त्या म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. जेवणानंतर. आता तुमचे आकडे आठवा."

टाळ्या पडल्या.

आकडा मीही बघितला होता. तीनशे बारा.

आठ वर्षं मी या बाईच्या घरी स्वयंपाक केला. आठ वर्षं अहोजाहो केलं. इथून पुढं करणार नाही.

मी पेठकडची. आमचं गाव डोंगराच्या उतारावर. पावसाळ्यात नागली, म्हणजे तुमची नाचणी, लावायची, दिवाळीच्या सुमारास कापायची. भाकरी नागलीची. सोबत उडदाची आमटी, नाहीतर खुरासणीची चटणी. उन्हाळ्यात अंबील. पाणी दरीतून आणायचं, लाकूड रानातून. रोज पोट भरायचंच असं नाही. उपाशीही झोपलोय. हे मुद्दाम सांगते, कारण ती बाई गावाचं जे चित्र विकते त्यात भूक नसते. पावसाळा संपला की आम्ही दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत छाटणीला जायचो. तिथूनच नवऱ्याबरोबर नाशकात आले. नवरा बांधकामावरून पडून गेला. मी पेठ रोडच्या वस्तीतच राहिले आणि घरकामं धरली.

ती आहारतज्ज्ञ. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना. कामावर पहिल्या दिवशी मी डब्यात नागलीची भाकरी नेली होती. ती म्हणाली, "हे काळं काय आहे? ओट्यावर ठेवू नकोस, मुलांना किळस येते." दुसऱ्या दिवसापासून मी डबा नेला नाही. खायला तिच्या घरात उरलेलं असायचंच.

शुक्रवारी फ्रिज रिकामा व्हायचा. शिळा पाव, केकचे तुकडे, पिझ्झा, पेशंटांनी आणलेली मिठाई, मुलांनी अर्धवट सोडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. पुढच्या खोलीत ती पेशंटना सांगायची, मैदा आणि साखर म्हणजे विष. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग आत यायची आणि पिशवी माझ्या हातात द्यायची. "हे घरात नको. तू घेऊन जा. तुम्हा लोकांना काही होत नाही. तुमची शरीरंच वेगळी असतात."

मी घेऊन गेले. आवडायचंही. केक कुणाला आवडत नाही? चार घरची कामं करून आल्यावर भाकरी थापायचं त्राण नसायचं. पाव चहात बुडवायचा आणि पडायचं. पिशवी घेताना मी "थँक्यू मॅडम" म्हणायचे. ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

मग तिनं नागलीचं पीठ पाकिटातून विकायला काढलं. तीच काळी भाकरी. मला विचारलं, "तुझ्या गावाकडं मिळेल ना?" मीच जुळवून दिलं. गावातल्या बायांना मीच सांगितलं, मॅडम चांगल्या आहेत, द्या. दरवर्षी कापणी झाली की टेम्पो यायला लागला.

गेल्या वर्षी माझे पाय भाजायला लागले. तहान भागेना. डाव्या पायाच्या बोटाला चपलेनं जखम झाली, ती भरेना. तिला सांगितलं तर तिनं स्वयंपाकघरातच माझं बोट टोचून बघितलं. मी विचारलं, "किती आलं?"

"छान आहे," ती म्हणाली, आणि मशीन पर्समध्ये टाकलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तो हॉल. म्हणून तिचा चेहरा हलला नाही. तिला आधीच माहीत होतं.

तिला हे माहीत नव्हतं की मला आकडे वाचता येतात. आश्रमशाळेत आठवी झालेली आहे मी. तिनं कधी विचारलंच नाही. आणि भिंतीपलीकडून आठ वर्षं मी लोकांचे आकडे ऐकत होते. दोनशेच्या वर गेलं की ती पेशंटला कशी झापायची, ते मला पाठ होतं.

तिनं माईक माझ्या तोंडाजवळ आणला. "सांग आता, तू काय खातेस?"

उत्तर तिनं घरी माझ्याकडून चार वेळा घोकून घेतलं होतं. नागलीची भाकरी, रानभाजी, अंबील. मग मी माईक घेतला. ओढावा लागला.

"मशीनवर तीनशे बारा आलंय," मी म्हणाले. "मॅडम अठ्ठ्याण्णव बोलल्या. आणि मी मॅडमच्या घरचा शिळा पाव खाते. केक खाते. ज्याला त्या तुमच्यासमोर विष म्हणतात ना, ते पिशवीत भरून मला देतात."

पुढच्या रांगेत आणखी दोन फोन वर झाले.

ती हसली. "घाबरलीय बिचारी. तिला आकडे कळत नाहीत."

तिसऱ्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. काठी टेकत स्टेजवर आल्या. "मग परत तपासू की," त्या म्हणाल्या. "मला येतं. मी रोज माझं बघते."

मी दुसरं बोट पुढं केलं. त्यांनी पर्समधलं आपलं मशीन काढलं, बोट टोचलं, आकडा बघितला. चष्मा सारखा करून पुन्हा बघितला. "तीनशे आठ," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "तू आजच्या आज दवाखान्यात जा गं."

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. अर्धा हॉल उठला. अर्धा बसूनच राहिला, हेही सांगते.

बाथरूममध्ये मी कपडे बदलले आणि तिला खाली पार्किंगमध्ये गाठलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"उगाच घाबरली असतीस," ती म्हणाली. "कार्यक्रम झाला की सांगणारच होते."

माझा हात शिवशिवत होता. तरी उचलला नाही. उचलला असता तर तिला पोलिसात जायला बरं झालं असतं. लुगडं तिच्या गाडीच्या बॉनेटवर टाकलं आणि चालायला लागले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझा पाय उजेडात धरून बघितला. मग म्हणाल्या, "दोन महिने आधी आला असता तर बोटं वाचली असती."

दोन महिने. मोजून तेवढेच.

डाव्या पायाची दोन बोटं कापली. एसटीनं गावाला गेले. आई दारात बसली होती, ताटात रेशनचा भात आणि शेजारी गोड चहा. मी विचारलं, "भाकरी नाय?"

"नागली टेम्पोत गेली," आई म्हणाली. "तुझ्या बाईला लागते ना. आन आशाताई बोलली, माझी बी साखर वाढलीय."

मी घरातून बाहेर पडले. गावात दोन दुकानं झालीत, दोन्हींच्या दाराला कुरकुऱ्यांच्या माळा. नळ आलाय, चांगलं झालं, बायांचे खांदे वाचले. पण डोंगरातलं धान्य आम्ही शहराला दिलं आणि शहरानं टाकलेलं आम्ही खाल्लं. मधली दलाल मी होते. माझ्या रागातला अर्धा राग माझा माझ्यावर आहे. तो जायचा नाही. जाऊही नये.

बायांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं. चप्पल काढून पाय पुढं केला. फार बोलावं लागलं नाही.

पुढच्या कापणीनंतर टेम्पो रिकामा परत गेला. आठ दिवसांनी ती स्वतः गाडी घेऊन आली. उन्हात उभी राहिली. कुणी बस म्हटलं नाही. "भाव वाढवून देते," ती म्हणाली.

आई म्हणाली, "नागली लय हाय. इकायची नाय. आमी खाणार."

"अहो, पण माझ्या ऑर्डरी आहेत."

आईनं तिच्याकडं पाठ केली आणि सुपातली नागली पाखडायला घेतली. भूस तिच्या साडीवर उडत होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिचं दुकान बंद पडलेलं नाही. लोक विसरतात. तिनं सुरगाण्याकडचं दुसरं गाव धरलं. तिथली एक पोरसवदा बाई स्टेजवर उभी करायला शोधली. मी त्या पोरीच्या घरी जाऊन आले. तिला माझे कागद दाखवले, पाय दाखवला. ती आता जाणार नाही. त्या गावातल्या बायांनीही पोती आपापल्या घरात ठेवलीत.

ती तिसरं गाव शोधेल. मी तिथेही पोचेन.

पुढच्या महिन्यात तिचा परत कार्यक्रम आहे. मी नाव नोंदवलंय, माझ्याच नावानं, माझ्याच फोनवरून. पंजाबी ड्रेस घालून पुढच्या रांगेत बसणार, दवाखान्याचे कागद मांडीवर. लोकांना प्रश्न विचारायला सांगतील तेव्हा पहिला हात माझा वर जाईल. बाहेर काढलं तर दारात उभी राहीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन.

ती माफी मागेल, म्हणतात. मागू दे. मी देणार नाही. तिचं दुकान बुडालेलं मला बघायचं आहे. आणि ते बघितल्याशिवाय मी हटणार नाही.