नवरीला नेसवणारी

“कोणी विचारलं तर आमच्यातलीच आहे म्हणून सांग. अन् मागच्या दारानं जा.”

नवरीची आत्या हे बोलली, तेव्हा मी नवरीच्या पायाशी बसून नऊवारीच्या निऱ्या धरल्या होत्या. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या सिव्हिल लाइन्समधला मराठी माणसांचा बंगला, लग्नघर. थोड्या वेळापूर्वीपर्यंत मी ‘दीदी’ होते, ‘अहो’ होते. मग माझा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून नवरीनंच तो स्पीकरवर घेतला.

“जय भीम, ताई. घ्यायला केव्हा येऊ?” माझा भाऊ.

आत्यानं माझ्याजवळचं पूजेचं ताट उचलून लांब ठेवलं.

“काहून सांगितलं नाही आधी?”

“तुम्ही विचारलं नाही.”

“टिकली लावून येते, तर विचारायचं कशाला?”

टिकली होती, खरं. रांझीत, फॅक्टरीजवळच्या वस्तीत, घरी मी लावत नाही. या भागात शिरण्याआधी गाडी थांबवून लावायची. बंगल्यात पुणेरी बोलायचं, आडनाव गिळायचं. मी फॅक्टरीतल्या मजुराची पोर. साड्या नेसवायची कामं अशीच मिळवली. भावात कोणाला रुपया सोडला नाही, आणि स्वतःची ओळख मात्र फुकट देऊन बसले होते.

“दीदी, जाऊ नका ना,” नवरी हळूच म्हणाली.

डोकं तापलं होतं. साडी तिथंच टाकून उठावंसं वाटलं. पण मग ‘अर्धं काम टाकून पळाली’ एवढंच गावभर झालं असतं. काष्टा घातला. पदर काढला. शेवटची पिन लावली.

आणि बैठकीतून निघाले. भरलेल्या बैठकीतून.

“नवरीला तुम्हीच नेसवलं का हो? कुठल्या तुम्ही?” एका पाहुणीनं विचारलं.

मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. “रांझीची. बौद्ध आहे मी. या घरच्या आत्याबाईंनी हे कोणाला सांगू नको म्हटलं, म्हणून सांगून राहिली.”

आत्या दारात उभी होती. पाहुणीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अच्छा, अच्छा. चलो, मुहूर्ताची वेळ होत आली,” ती म्हणाली, आणि बायका माझ्या बाजूनं अंग चोरून निघून गेल्या.

त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यांच्या ओळखीतली कामंही तुटली. तुटू द्या. गिऱ्हाइकाला पुणेरी हवी तर पुणेरी बोलीन, हिंदी हवी तर हिंदी. तो धंदा आहे. पण ज्या घराला मी बौद्ध म्हणून चालत नाही, त्या घरानं नेसवणारी दुसरी शोधावी.