मामांनी विचारलं होतं

दामूमामा गेल्याचा निरोप घेऊन माझा धाकटा भाऊ वसंता शाहपूरला माझ्याकडे आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "रात्री झोपेतच गेले," तो म्हणाला. मला ते चटकन खरं वाटेना. मामांच्या बाबतीत काही सरळ घडलं असेल, यावर आमच्या घराचा कधीच विश्वास नव्हता. "नक्की झोपेतच ना?" मी पुन्हा विचारलं, आणि मग भिंतीला टेकून पोटभर रडले.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. तरुणपणी बुऱ्हाणपूरच्या एका कापडवाल्याच्या पेढीवर पाँडिचेरीला गेले आणि तिथलेच होऊन बसले. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. मामांनी त्यांची भाषा उचलली, नागरिकत्व घेतलं, आधी तिथल्या नगरपालिकेत निवडून आले, मग मेयर झाले आणि काही काळ पॅरिसच्या संसदेतही बसून आले. पाँडिचेरी भारतात विलीन करायची वेळ आली, तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांचा कौल घेतला गेला. मामांनी तो कुठल्या बाजूने दिला, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर ते बिऱ्हाड आवरून बुऱ्हाणपुरात, आमच्याच इतवारा मोहल्ल्यात परत आले आणि गावाला विषय मिळाला. भारताच्या बाजूने होते, तर तिथेच मानाने का राहिले नाहीत? आणि विरोधात होते, तर इथे कोणत्या तोंडाने आले?

त्या वर्षांत देशभर राज्यांची जोडाजोड चालली होती. आमचं बुऱ्हाणपूरही नागपूरकडून सुटून भोपाळच्या पदरात पडणार होतं. अशा हवेत कुणाचाच भरवसा कुणाला वाटत नव्हता, त्यात हे फ्रेंच मामा. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, आईला बजावायचे, "हा मानूस कोनाचा हाये तेच समजत नाई. याच्यासमोर घरातलं काही बोलू नको." मामा रोज संध्याकाळी येत, समोर दराब्याची मिठाई ठेवली की ती मन लावून खात आणि सगळं ऐकत.

माझं लग्न ठरलं ते इतवाऱ्याच्याच एका मेंबराच्या पुतण्याशी. मेंबर म्हणजे नगरपालिकेतले. घर भरलेलं, मुलगा दिसायला बरा, अण्णा खुशीत. सुपारी फुटायच्या दिवशी बैठकीत दोन्हीकडची मंडळी बसली होती. मला पाटावर बसवलं होतं. भटजींनी सुपारी हातात घेतली आणि मामा उठून उभे राहिले.

"कुंदे," ते म्हणाले, "तुले हा पोरगा पसंत हाये का? मोठ्यानं सांग. सगळ्याईले ऐकू येऊ दे."

मामा शांतपणे म्हणाले, फ्रेंचांकडे लग्न मेयरच लावतो, मेयर असताना मी कितीतरी लावलीत, मुलीच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय कधी सही केली नाही. अण्णा दातओठ खात होते. तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मीही स्वतःला विचारलं नव्हतं... मुलाकडे पाहिलं, तो आपल्या काकांकडे बघत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई."

पाहुणे पानसुपारी न घेता उठले. अण्णांनी मामांना घरातून काढलं आणि माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पण खरी आग पुढे लागली. दोनच महिन्यांनी नगरपालिकेची निवडणूक आली आणि मामा उभे राहिले, त्याच मेंबराविरुद्ध. मग सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोयरिक झाली असती, तर भाचीच्या सासरविरुद्ध मामाला उभं राहता आलं नसतं. मामा निवडून आले. आई बिचारी म्हणायची, "दादा असं नाई करनार," पण तिचाही आवाज शेवटी शेवटी बारीक व्हायचा.

मी मास्तरीण झाले, शाहपूरच्या शाळेत लागले, तिथल्याच एका मास्तरांशी माझ्या मर्जीने लग्न केलं आणि सुखाने संसार केला. मामांनी मला या सगळ्याचं दार उघडून दिलं, असं म्हणावंसं वाटायचं, पण संशय आडवा यायचा. आपलं आयुष्य कुणाच्या तरी नगरपालिकेतल्या एका जागेसाठी घडलं, हा विचार मला फार लागायचा.

शेवटच्या भेटीत मी विचारूनच टाकलं. मामा खाटेवर उशांना टेकून बसले होते.

"मामा, खरं सांगा. तेव्हा निवडणुकीसाठीच विचारलं होतं ना?"

"तू नाई म्हटलं, ते कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

"मंग झालं," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. पुढारी तो पुढारी, मी चडफडत घरी आले.

गेल्या आठवड्यात वसंताच्या मुलीची सुपारी होती. मुलगा इंदूरचा, बोलण्यात गोड, आणि मला पहिल्या भेटीतच अजिबात न आवडलेला. हे लग्न मोडलं तर बरं, एवढं एकच माझ्या मनात होतं. मी भर बैठकीत उठले आणि भाचीला विचारलं, "बाई, तुला पसंत आहे का?" वसंताचा चेहरा अगदी अण्णांसारखा झाला. पोरगी माझ्याकडे बघून मोकळी हसली आणि खणखणीत म्हणाली, "हाव आत्या, एकदम पसंत हाये."

मी खाली बसले. माझा डाव फसला होता आणि पोरीचा चेहरा फुलला होता. मामांच्या मनात त्या दिवशी काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही. कळायची गरजही उरली नाही.