जिनिंगच्या मैदानावरचे गोलखांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील होते तेव्हा त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही — पण सांगतो.

वसमतला कापसाच्या एका जिनिंगच्या मागे फुटबॉलचं मैदान होतं. आता तिथं हळदीची गोदामं आहेत. दरवर्षी माझी हळद मी तिथंच घेऊन जातो. नव्वदच्या दशकात जिनिंगच्या मालकांनी पगारी संघ ठेवला होता. हो, वसमतमध्ये, फुटबॉल खेळायचा पगार! नांदेड-परभणीचे संघ तोऱ्यात यायचे आणि मार खाऊन जायचे. सरावाला वाळूचा हौद होता, सामानाला पत्र्याची खोली होती, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना पांढरे रंगवलेले सागवानी गोलखांब. त्या खांबांमध्ये मी उभा राहायचो. गावात माझा रुबाब होता, खोटं कशाला बोलू?

मग मिलिंद आला. पलीकडच्या बौद्ध वस्तीतला, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. मला दादा म्हणायचा. झेप कशी घ्यायची, पडताना खांदा कसा वाचवायचा, हे मीच त्याला वाळूच्या हौदात शिकवलं. इतकं चांगलं शिकवलं की संक्रांतीनंतर मालकांनी माझी जागा त्याला दिली. मी राखीव. बाकावर बसून आपल्याच हाताखालच्या पोरासाठी कधी टाळ्या वाजवल्यात तुम्ही? मी वाजवल्या. आणि आतून जळत राहिलो.

हळदीच्या हंगामात मालक ते मैदान शिजवलेली हळद वाळवायला द्यायचे. तेवढ्यापुरते खांब उपटून खोलीत ठेवायचे आणि कुलूप लावायचे. किल्ली गोलकीपरकडे राहायची, हा संघाचा रिवाज. म्हणजे त्या साली ती मिलिंदकडे.

होळीच्या दुपारी मी एका बाजूचे दोन्ही खांब हातगाड्यावर घातले, वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या आणि चौकातल्या मोठ्या होळीत नेऊन टाकले. त्या दिवशी सरपण नेणाऱ्याला कोण अडवतं? आणि होळीवर पडलेलं लाकूड परत मागायचं नाही, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक. संध्याकाळी मी सगळ्यांसोबत नारळ टाकला, बोंब मारली, घरी येऊन पुरणपोळी खाल्ली.

इथं तुम्ही हसाल. होळीला तर लोक खाटा पळवतात, गाड्यांची जोखडं पळवतात; खांबांचं काय एवढं? पण मी सांगायला बसलोय ते हे नाही.

दुसऱ्या दिवशी राखेत खांबांना ठोकलेल्या, जाळीच्या लोखंडी कड्या सापडल्या. मालकांनी आम्हा सगळ्यांना वाळत्या हळदीच्या कडेला उभं केलं.

“किल्ली कोणापाशी व्हती?”

“माझ्यापाशी,” मिलिंद म्हणाला.

“मंग खांब काय चालत गेले व्हय?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, “वस्तीतल्या पोराच्या हाती किल्ली देत असतेत व्हय?” त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. पुरावा कुणालाच नको होता — आणि तो कुणालाच नको असणार, हे मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं.

हे आहे ते. वर्षानुवर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो, की रागाच्या भरात खांब जाळले आणि मिलिंद मध्ये सापडला. खोटं. मला खांबांचं काय करायचं होतं? मला त्या खांबांमधला माणूस काढायचा होता. म्हणून तर मी कुलूप तोडलं नाही. मिलिंदकडं गेलो, खोलीत माझे बूट राहिलेत म्हणालो आणि किल्ली मागितली. त्यानं खिशातून काढून दिली. काम झाल्यावर मी ती परत नेऊन दिली.

तो तिथं माझं नाव घेऊ शकत होता. घेतलं नाही. मी स्वतःहून बोलेन, याची तो वाट बघत असावा. मी पायापुढची हळद बघत राहिलो.

त्याच दिवशी मिलिंदला काढलं. पुढं औरंगाबादला कुठल्याशा कंपनीत लागला म्हणे. परत कधी खेळला की नाही, मला ठाऊक नाही. मैदानावर लोखंडी खांब आले आणि त्यांच्यात पुन्हा मी उभा राहिलो. दोन हजार सालानंतर जिनिंग बंद पडलं, संघ मोडला, मैदान विकलं गेलं. गोदामावर गेलो की जुनी माणसं अजून मला ‘गोलकीपर’ म्हणून हाक मारतात. मी ओ देतो.

त्या दिवशी जाताना मिलिंद माझ्यापाशी थांबला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं,

“बूट सापडले का, दादा?”

मी “व्हय” म्हणालो.