मेषेचा रवी, तुळेचा शनी

भांडुपच्या त्या चाळीत जानकी परबएवढी देवभोळी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या नवऱ्याएवढा देवाचा माणूसही दुसरा नव्हता. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे चाळीला फार उशिरा कळलं. सहदेव परब कारखान्यात फिटर. गुरुवारच्या भजनात पखवाज वाजवायचा, आणि हात पखवाजावर पडला की घरदार विसरायचा. जानकी काही म्हणता काही विसरत नसे. सकाळी मांजर आडवं गेलं तर त्याचा हिशेब संध्याकाळपर्यंत मनात घोळवणारी बाई ती.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. बाळंतपणाला ती माहेरी, मालवणाकडे गेली आणि पंचावन्न सालच्या वैशाखात तिला मुलगा झाला. नाव ठेवलं लवू. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या तशी ती पोराला घेऊन मुंबईला निघाली. धक्क्यावर मुलाचा बाप यायचा होता. आली तिची थोरली बहीण प्रेमा, तीही रडवेली. त्याच सकाळी सहदेवचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला होता.

प्रेमाने तिला मुलुंडला आपल्या घरी नेलं. शेजारी अण्णा राहायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पत्रिका पाहायचे, कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायचे नाहीत. फुकट सांगणाऱ्या ज्योतिषावर माणूस जास्त विश्वास ठेवतो, हीच तर पंचाईत. अण्णांनी लवूची कुंडली मांडली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

“रवी मेषेत, शनी तुळेत,” ते म्हणाले. “दोघे समोरासमोर, आणि दोघेही उच्चीचे. कुणीच माघार घेणार नाही. रवी म्हणजे बाप. शनी त्याचाच मुलगा, पण जन्मल्यापासून बापाशी वैर. बाई, पाचव्या वर्षी ग्रहांची शांत करू. तोवर या बापलेकांची नजरानजर होऊ देऊ नका.”

“झाली तर?”

“नुसता पोरगा यायचा झाला तर हात गेला,” अण्णा म्हणाले. 

लवू मुलुंडलाच प्रेमाकडे राहिला आणि जानकी एकटी भांडुपला आली. सहदेव आधी हसला. म्हणाला, “अगो, पट्टो जुनो होतो म्हणान तुटलो. ग्रह म्हणजे देवाच्या दारातले पहारेकरी. मालकाची वळख आसली तर पहारेकऱ्याक कोण इचारता?” पण जानकीने अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी ती मोरीत चक्कर येऊन पडली आणि सहदेवने शब्द दिला. बायको रडली की त्याचा वेदांत तिथेच आटपायचा.

मग जानकीचं सुरू झालं. शनिवारी उपास, मारुतीला तेल. रविवारी अळणी जेवण, उगवत्या सूर्याला अर्घ्य. हळूहळू तिला वाटू लागलं की शनिवारी शनीसाठी तेल घातलेलं रविवारी त्याच्या बापाला, रवीला, खुपत असेल. म्हणून ती रविवारी हात शिकेकाईने घासून घासून धुवायची. दोन सवतींच्या घरातल्या मोलकरणीसारखी तिची गत झाली. एकीशी हसून बोललं की दुसरीकडे चोरटेपणा. देवाला हात जोडायचे तेही भीत भीत. सुखाने नमस्कार केल्याचं तिला आठवेना.

ती जमेल तेव्हा मुलुंडला जायची. लवू प्रेमाला आई म्हणायचा आणि हिला मावशी. पहिल्यांदा तसं म्हणाला तेव्हा प्रेमा ओशाळली, पण तिने त्याला सुधारलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. जानकीनेही गिळलं. पाच वर्षांचाच तर प्रश्न होता.

घरी परतली की सहदेव वाट पाहत असायचा. हात अधू झाल्याने पखवाज सुटला होता, आता तो भजनात नुसता गायचा.

“नाक कोणाचा?” तो विचारायचा.

“तुमचाच.”

“आणि बोलता कसो?”

ती सांगायची, तो ऐकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. मुलुंड ते किती लांब? भांडुपच्या पुढचंच स्टेशन. चोरून एकदा पाहून आला असता तर कुणाला कळलं असतं? पण तो गेला नाही. दिलेला शब्द मोडायची अक्कलच त्या माणसाला नव्हती.

लवूला चौथं सरत आलं आणि सहदेवला कावीळ झाली. झाडपाला झाला, डॉक्टर झाले, आणि कावीळ उलटली. पोट फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टरांनी जानकीला दाराबाहेर बोलावून सांगितलं की आता जवळच्यांना बोलावून घ्या.

जवळचे? जानकी तशीच मुलुंडला धावली. ज्याला वाचवायचं म्हणून पोर तोडलं, तोच चालला होता. मग हे सगळं कशासाठी केलं? तिने अण्णांच्या दारात बसकण मारली. “सगळं पाळलं हो मी! एक शनिवार चुकवला नाही. मग का?”

 अण्णा बिचारे खरंच हादरले होते. शेवटी म्हणाले, “मुलाचं तोंड तेलाच्या वाटीत दाखवा त्यांना. शास्त्रात आहे. थेट नजर नको, प्रतिबिंब चालतं.”

बुडत्याला काडीचा आधार. पण प्रेमा लवूला पोटाशी धरून बसली. “नजरानजर झाली की घात होईल, हे तूच सांगत आलीस ना? आता पोराला काही झालं म्हणजे?” जानकीने बहिणीचे पाय धरले, नुसते धरून ठेवले. मग प्रेमाही रडायला लागली आणि तिने लवूच्या पायांत चपला घातल्या.

दुपारी तिघं भांडुपला पोचली. सहदेव भिंतीकडे तोंड करून पडला होता. जानकीने वाटीत तेल ओतलं, तेव्हा अर्धं बाहेर सांडलं.

“लवू आलाय,” ती म्हणाली. “या वाटीत बघा. एकदा तरी बघा.”

सहदेव कुशीवर वळला. वळता वळता त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

“माका बघूचा नाय.”

“अहो, तेलात चालतं! अण्णांनी सांगितलंय.”

“तेलातय नको.” त्याला धाप लागली होती. “मी आज-उद्या जातलंय. बघलंय आणि गेलंय, तर तू जल्मभर म्हणतलंस, पोरान बापाशीक खाल्ल्यान. त्येका आता तुझ्या घरात वाढूचा आसा, जानकी.”

जानकीच्या हातातली वाटी खाली आली. ती ओरडली, “नाही म्हणणार! देवाशपथ नाही म्हणणार! उघडा हो डोळे. मरू दे तो शनी, मरू दे तो रवी, बघा त्याच्याकडे!”

सहदेवने मान हलवली. तो तिला ओळखून होता. आज ती शपथ घेईल, आणि वर्षश्राद्धाला पोराच्या तोंडाकडे बघून तिच्या मनात तेच येईल. त्याने अधू हात पुढे केला. जानकीने लवूला त्याच्याजवळ बसवलं. त्या हाताची बोटं पोराच्या कपाळावरून खाली आली, भुवयांवरून फिरली आणि नाकापाशी थांबली. तिथे बराच वेळ राहिली. मिटलेल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि सहदेव हसत होता.

लवू अंग चोरून बसला होता. त्याने प्रेमाकडे पाहिलं.

“आई, हे काका आंधळे आहेत?”

प्रेमाने तोंडात पदर कोंबला.  उत्तर सहदेवनेच दिलं.

“होय रे बाबू,” तो म्हणाला. “आंधळोच आसंय मी.”